आकाशातला चकवा

कोकणात रात्री रानातून जाणाऱ्याला चकवा लागतो, असं जुनी माणसं सांगत. वाट रोजची, पाय आपले, डोळे टक्क उघडे. तरी माणूस त्याच त्या झाडाभोवती फेऱ्या घालत राहतो. यातली खरी गोम अशी, की आपण अगदी बरोबर वाटेने चाललो आहोत याची त्याला पक्की खात्री असते. चकवा खरा की खोटा हा वाद इथे नको. पण उंचावर प्राणवायू कमी पडला की मेंदूचं जे होतं, त्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ नावाचा फुगा आकाशात गेला. टोपलीत तिघे होते: गास्तों तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. उंचावर श्वास अपुरा पडतो हे तिघांनाही चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी प्राणवायू भरलेल्या पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. एवढा प्राणवायू पुरायचा नाही, असं शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी त्यांना पत्राने कळवलं होतं, पण ते पत्र वेळेत पोहोचलं नाही. तेव्हा आहे तो साठा जपायचा, अगदी गरज पडेल तेव्हाच वापरायचा, असं त्यांनी ठरवलं. फुगा आठ हजार मीटरच्या वर गेला. प्राणवायूची नळी हाताच्या अंतरावर होती. ती ओढून घ्यावी असं मनात आलं, पण हात उचलेना, असं तिसांदिएने मागाहून लिहून ठेवलं. आणि भीती? ती नव्हतीच. उलट आतून आनंद दाटून आला होता. फुगा जमिनीला टेकला तेव्हा त्याचे दोन्ही सोबती मेलेले होते. तो वाचला, पण बहिरा झाला.

‘गरज पडेल तेव्हाच’ या तीन शब्दांनी दोघांचा जीव घेतला. गरज पडली आहे हे ज्याने ओळखायचं, तो मेंदूच सगळ्यात आधी दगा देतो. आजच्या प्रवासी विमानात केबिनचा दाब गेला तर वैमानिक आणि केबिनमधले कर्मचारी जे काही करतात, त्याचा प्रत्येक टप्पा हा दगा गृहीत धरून आखलेला आहे.

आधी दाबाची भानगड समजून घेऊ. हवेत प्राणवायू समुद्रकाठी २१ टक्के असतो आणि अकरा किलोमीटर उंचीवरही २१ टक्केच असतो. घटतो तो दाब, म्हणजे फुप्फुसांतून प्राणवायू रक्तात ढकलणारा जोर. ३५,००० फुटांवर हा दाब समुद्रसपाटीच्या पाव हिश्शाहूनही थोडा कमी भरतो. एव्हरेस्टचं शिखर २९,०३२ फुटांवर. म्हणजे आपण सीट मागे करून चहा पीत बसतो ती जागा एव्हरेस्टच्याही मैलभर वर असते आणि खिडकीच्या पलीकडे उणे पन्नासहून खाली उतरलेली थंडी असते.

खिडकीच्या अलीकडे मात्र हवा वेगळी. केबिनमध्ये साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा दाब राखलेला असतो. कळसूबाई ५,४०० फूट. तिच्या माथ्यावरून आणखी थोडं चढून गेलात तर जशी हवा लागेल, तशी. निरोगी माणसाला ती चालते. खंडाळ्याच्या घाटात कानाला बसतात तसे दडे बसतात आणि वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं, इतकंच. पूर्ण समुद्रसपाटीचा दाब का ठेवत नाहीत? ठेवला तर विमानाच्या अंगावर येणारा ताण इतका वाढेल की पत्रा जाड करावा लागेल, आणि जाड पत्रा म्हणजे जादा वजन. आहे त्या व्यवस्थेतही आतली हवा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे पाच टनांच्या जोराने भिंतीला बाहेर रेटत असते. विमान उंचीवर असताना कुणी माथेफिरू दाराला झोंबला तरी दार हलत नाही ते यामुळेच. ती दारं आधी थोडी आत घेतल्याशिवाय उघडत नाहीत किंवा दाबाखाली जागच्या जागी अडकून बसतात.

हा दाब टिकवतात कसा? पंक्चर झालेल्या ट्यूबमध्ये कुणी न थांबता पंप मारत राहावं, तसा. बहुतेक विमानांत इंजिनातली दाबलेली गरम हवा काढून घेतात, थंड करतात आणि केबिनमध्ये सोडतात. शेपटीकडे एक झडप असते, तिच्यातून हवा सतत बाहेर जात राहते. झडप किती उघडी ठेवायची ते यंत्र ठरवतं आणि त्यावर आतला दाब ठरतो. एरवी वैमानिकाला यात फारसं काही करावं लागत नाही, कारण यंत्रणा आपोआप चालते. ‘आपोआप’ हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

दाब जाण्याच्या दोन तऱ्हा. एक गाजावाजा करून येते. खिडकी, दार, छत यांपैकी काहीतरी फुटतं, धडाम आवाज होतो, केबिनमधली दमट हवा एकदम गार पडून क्षणभर धुकं दाटतं, कागद उडतात. दुसरी चोरपावलांनी येते. झडप उघडी राहते किंवा हवा भरणाऱ्या यंत्रणेचा एखादा खटका चुकीच्या जागी राहून जातो, आणि विमान जसजसं चढतं तसतसा आतला दाब गुपचूप उतरतो. मला विचाराल तर भ्यायचं ते दुसरीला. धडाम झाल्यावर काहीतरी घडलंय हे कुणाला सांगावं लागत नाही.

वैमानिकांना एक आकडेवारी पाठ असते: मास्क नसेल तर कामापुरती शुद्ध किती वेळ टिकते. २५,००० फुटांवर तीन ते पाच मिनिटं. ३०,००० वर एक ते दोन. ३५,००० वर अर्धं ते एक मिनिट. ४०,००० वर जेमतेम पंधरा-वीस सेकंद. दाब झटक्यात गेला असेल तर हे आकडे साधारण निम्मे धरायचे. ‘कामापुरती’ हा शब्द यात महत्त्वाचा. त्यानंतरही माणूस डोळे उघडे ठेवून बसलेला असू शकतो, बोलतोही; पण योग्य खटका योग्य बाजूला फिरवणं त्याच्या आवाक्यात उरत नाही. श्वास रोखून धरू म्हणाल तर तोही उपाय नाही. एवढ्या उंचीवर फुप्फुसांतला दाब इतका घटतो की रक्तातला प्राणवायूच उलटा बाहेर पडू लागतो, शिवाय कोंडलेली हवा फुगून फुप्फुसांना इजा करते ती वेगळी.

हा अनुभव जमिनीवरही देता येतो. हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था बंगळुरूत आहे. अशा संस्थांमध्ये बंद खोलीतली हवा काढून घेत आतला दाब उंच आकाशाइतका खाली आणतात. आत बसलेल्याला मास्क काढायला सांगतात आणि हातात कागद-पेन्सिल देऊन साध्या वजाबाक्या घालतात. पहिल्या दोन-चार बरोबर येतात. मग अक्षर फुगतं, ओळी तिरक्या होतात, आकडे वाहवत जातात. कसं वाटतंय, विचारलं तर उत्तर येतं: एकदम ठीक. मास्क लावला की काही सेकंदांत माणूस भानावर येतो आणि स्वतःचाच कागद पाहून ओशाळतो. कुणाच्या बोटांना मुंग्या येतात, कुणाची नखं निळी पडतात, कुणाला रंग फिके दिसतात, कुणाला उगाच हसू फुटतं. आपल्याला चकवा लागताना नेमकं काय होतं, ही स्वतःची खूण ओळखायला शिकणं हा त्या प्रशिक्षणाचा गाभा.

आता कॉकपिटमध्ये जाऊ. केबिनमधला दाब दहा हजार फुटांच्या पातळीपर्यंत उतरला की भोंगा वाजतो. त्यावर वैमानिकाने विचार करायचा नसतो, मास्क लावायचा असतो. मास्क खुर्चीशेजारच्या खणात असतो. एका हाताने चिमटीत धरून ओढला की त्याचे पट्टे हवेने फुगतात, डोक्यावरून सरकतात आणि सोडल्याबरोबर घट्ट बसतात. पाच सेकंदांत हे व्हायला हवं. मग मास्कमधल्या माइकवरून दोघांनी एकमेकांशी बोलून बघायचं, कारण शेजारचा शुद्धीवर आहे की नाही हे कळण्याचा तोच मार्ग. पुढची पायरी दाब सावरतो का ते पाहण्याची, झडप हाताने बंद करून. नाही सावरला तर खाली उतरायचं, तेही तातडीने. इंजिनं मंद करायची, पंखांवरचे हवाब्रेक उभे करायचे, नाक खाली घ्यायचं, मार्गावरच्या इतर विमानांच्या वाटेतून बाजूला व्हायचं, नियंत्रण कक्षाला ‘मेडे’ कळवायचं, ट्रान्सपाँडरवर ७७०० हा संकटाचा आकडा लावायचा. लक्ष्य १०,००० फुटांचं, तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. पस्तीस हजारांवरून तिथवर यायला साधारण पाच मिनिटं लागतात.

ही पाच मिनिटं प्रवाशांच्या बाजूने फार वाईट असतात. डोक्यावरून मास्क लोंबत असतात, इंजिनांचा आवाज एकाएकी बसतो, विमान थरथरत खाली झेपावतं आणि कॉकपिटमधून कुणी धड बोलत नाही. विमान पडतंय असंच वाटतं. खरं तर ते पाडलं जात नसून जाणूनबुजून उतरवलं जात असतं, आणि वैमानिक गप्प असतो कारण त्याचे हात आणि तोंड दोन्ही गुंतलेले असतात. आपलं सांत्वन त्याच्या यादीत तळाला असतं. असावंही.

केबिनमधल्या कर्मचाऱ्यांचं काम याहून अवघड, असं मला वाटतं, कारण त्यांना मनाविरुद्ध वागायचं असतं. समोर लहान मूल रडतंय, म्हातारे आजोबा मास्क चाचपडतायत, आणि यांनी काय करायचं? जवळचा मोकळा मास्क तोंडावर ओढायचा आणि मिळेल तिथे बसायचं. सीट नसेल तर प्रवाशाच्या मांडीवर, तेही नसेल तर जमिनीवर, खुर्चीचा पाय घट्ट धरून. रांगेतल्या सीटपेक्षा एखादा मास्क जास्त ठेवलेला असतो तो याचसाठीही. वाटेत उभी असलेली जेवणाची ट्रॉली ब्रेक लावून अडवायची. विमान खालच्या पातळीवर स्थिरावलं आणि कॉकपिटमधून निरोप आला, की मग उठायचं. प्राणवायूची छोटी नळकांडी खांद्याला लावून रांगा पाहत जायचं. कोण शुद्धीवर नाही, कुणाच्या नाका-कानातून रक्त आलंय, शौचालयात कुणी अडकलंय का, ते बघायचं. तोवर धावपळ केली तर दोन मिनिटांत मदत करणाराच आडवा होतो, कारण हालचालीने प्राणवायू अधिक झपाट्याने संपतो.

या सगळ्याचं उलटं चित्र १४ ऑगस्ट २००५ रोजी ग्रीसच्या आकाशात दिसलं. हेलिओस एअरवेजचं बोइंग ७३७ सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालं होतं. विमानात १२१ माणसं. आदल्या रात्री दुरुस्ती खात्याने दाबाची गळती तपासली होती. तपासणीसाठी दाबनियंत्रणाचा खटका ‘ऑटो’वरून, म्हणजे त्या ‘आपोआप’वरून, ‘मॅन्युअल’वर फिरवला होता, आणि तो तसाच राहिला. सकाळी उड्डाणाआधी वैमानिकांच्या नजरेतूनही तो सुटला. शेपटीकडची झडप उघडीच होती. ९ वाजून ७ मिनिटांनी विमान उडालं.

बारा हजार फुटांच्या आसपास भोंगा वाजला. इथे बोइंगच्या रचनेतली एक खोच नडली. तोच भोंगा, त्याच सुरात, विमान जमिनीवर असताना ‘उड्डाणाची मांडणी चुकली आहे’ असंही सांगायचा. वैमानिकांनी उभ्या नोकरीत तो जमिनीवरच ऐकला असणार. हवेत तो कसा वाजेल, काहीतरी बिघाड असणार, असं त्यांनी धरलं. मास्क लावले नाहीत. चढण चालू राहिली. हवा विरळ झाल्याने उपकरणं गार ठेवणारी यंत्रणा अपुरी पडू लागली आणि तिचे दिवे लागले. मागे केबिनमध्ये मास्क खाली पडले होते. कॅप्टन मात्र कंपनीच्या अभियंत्याशी त्या थंडाव्याच्या दिव्यांबद्दल बोलत होता. अभियंत्याने दाबाचा खटका ‘ऑटो’वर आहे ना, असंही विचारलं. उत्तरादाखल कॅप्टनने विचारलं, उपकरणं थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचे सर्किट ब्रेकर कुठे आहेत? प्रश्न कानावर पडला होता, पण मनापर्यंत पोहोचलाच नव्हता. अठ्ठावीस हजार फुटांच्या पुढे केव्हातरी आवाज बंद झाला. भोंग्यापासून तिथवर सात-आठ मिनिटं गेली असतील.

विमान स्वयंचलित यंत्रणेच्या हाती होतं. ते ठरल्याप्रमाणे ३४,००० फुटांवर गेलं, ठरल्याप्रमाणे अथेन्सकडे आलं आणि समुद्रावर घिरट्या घालू लागलं. ग्रीक हवाई दलाची दोन एफ-१६ विमानं जवळ आली. त्यांच्या वैमानिकांना दिसलं ते असं: सहवैमानिक पुढे कलंडलेला, कॅप्टनची खुर्ची रिकामी, केबिनमध्ये मास्क लोंबकळलेले. बारा वाजायला दहा-अकरा मिनिटं असताना कॉकपिटमध्ये एक माणूस शिरून कॅप्टनच्या जागी बसताना दिसला. तो केबिनमधला कर्मचारी आंद्रेआस प्रोद्रोमू. वय २५. प्राणवायूच्या सुट्या नळकांड्यांवर त्याने तग धरला असावा. त्याच्याकडे विमान चालवण्याचा परवानाही होता, पण बोइंगचा अनुभव नव्हता. तो बसतो न बसतो तोच इंधन संपून डावं इंजिन बंद पडलं. ‘मेडे’ असे त्याचे क्षीण शब्द ध्वनिमुद्रणात सापडले. बारा वाजून गेल्यावर ग्रामातिको गावाजवळच्या डोंगरावर विमान कोसळलं. कुणीही वाचलं नाही.

या अपघातातलं मला सगळ्यात छळणारं वाक्य अहवालातलं नाही, साधं हिशेबाचं आहे. त्या दोघा वैमानिकांनी भोंगा वाजताच काहीही न समजता नुसता मास्क लावला असता, तर बाकी सगळं समजायला त्यांना हवा तेवढा वेळ मिळाला असता. २०११ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जुन्या ७३७ विमानांत दोन वेगळे दिवे बसवणं बंधनकारक केलं. भोंगा दाबासाठी वाजतोय की उड्डाणाच्या मांडणीसाठी, हे आता लेखी दिसतं. सहा वर्षं लागली एवढ्याला.

आणि ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. २० सप्टेंबर २०१८ च्या सकाळी जेट एअरवेजचं ७३७ जातीचंच विमान मुंबईहून जयपूरला निघालं, त्यात १६६ प्रवासी होते. इंजिनातली हवा केबिनकडे वळवणारा खटका चालू करायचा राहून गेला होता. मास्क खाली पडले. सुमारे तीस जणांच्या नाकातून, काहींच्या कानातून रक्त आलं, अनेकांची डोकी ठणकली. विमान वेळीच मुंबईला परत फिरलं आणि सगळे घरी गेले. खटका वेगळा, चूक त्याच कुळातली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांना कामावरून बाजूला केलं, ते रास्तच. पण दर उड्डाणाला तेच तेच खटके पाहणारी नजर एखाद्या दिवशी त्यांच्यावरून नुसती घसरते, हेही तितकंच खरं.

गाजावाजा करून आलेल्या प्रसंगांत माणसं बऱ्याचदा वाचतात, कधी कधी विश्वास बसू नये अशी. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच १७,३०० फुटांवर उडून गेली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. कर्मचारी नायजेल ऑग्डेनने धावत येऊन त्याला धरलं. तो मेला असं सगळ्यांना वाटत होतं, तरी धरून ठेवला. सहवैमानिक अॅलिस्टर अॅचिसनने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन जगला आणि काही महिन्यांत पुन्हा उडू लागला. कारण काय, तर काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट थोडे बारीक व्यासाचे वापरले होते. फरक मिलिमीटरहूनही कमी.

डोंगराळ मुलखात आणखी एक पेच असतो: दहा हजार फुटांवर उतरायचं म्हणाल, तर तिथे डोंगरच असतो. १४ मे २०१८ रोजी चुंगछिंगहून ल्हासाला जाणाऱ्या सिचुआन एअरलाइन्सच्या विमानाची काच ३२,००० फुटांवर निखळली आणि सहवैमानिक अर्धा बाहेर गेला. खाली तिबेटच्या पठाराची कड होती, त्यामुळे कॅप्टन ल्यू च्वानच्येन यांना सरळ खाली जाता येईना. ते चंगडूला सुखरूप उतरले. अशा मार्गांवर उड्डाणाआधीच प्रत्येक टप्प्यासाठी ‘दाब गेला तर कुठल्या खोऱ्यातून बाहेर पडायचं’ हे नकाशावर आखून ठेवतात, आणि प्राणवायूचा साठाही त्या हिशेबाने लागतो. नेहमीच्या विमानात प्रवाशांसाठीचा साठा साधारण बारा ते बावीस मिनिटांचाच असतो.

हा साठा टाकीत नसतो हे फार थोड्यांना माहीत आहे. बहुतेक विमानांत डोक्यावरच्या कप्प्यात सोडियम क्लोरेटची छोटी नळकांडी असतात. मास्क ओढला की पिन निघते, आत रासायनिक क्रिया पेटते आणि प्राणवायू तयार होऊ लागतो. म्हणून मास्क नुसता लोंबू देऊन चालत नाही, ओढावा लागतो. नळकांडं चांगलंच तापतं आणि जळका वास येतो. आग लागली म्हणून ओरडायचं कारण नाही. खालची पिशवी फुगली नाही तरी प्राणवायू येत असतो. आधी स्वतःला, मग मुलाला, या सूचनेत स्वार्थ नाही. तुमच्याकडे अर्धं मिनिट आहे आणि घाबरलेल्या मुलाला मास्क लावताना ते संपतं. थोडा वेळ बेशुद्ध पडलेलं मूल तुम्ही मास्क लावलात की उठेल. तुम्ही बेशुद्ध पडलात तर ते मूल तुमच्यासाठी काही करू शकणार नाही.

एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानाचं इंजिन फुटून खिडकी निखळली, तेव्हाचं आतलं एक छायाचित्र जगभर फिरलं. त्यात प्रवाशांनी मास्क लावलेत, पण बहुतेकांचे फक्त तोंडावर. नाकं उघडी. प्रात्यक्षिक यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलंच असणार. पुढच्या खेपेला ते चालू असेल तेव्हा मोबाइल खाली ठेवा, आणि तो पिवळा पेला कधी हातात आलाच तर नाकावरूनही घ्या.